अरवा नावाची जाऊ

माझ्या थोरल्या जावेचं नाव अरवा. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की मला त्याचा वीट आलाय. कारण बोलून झालं की समोरचं माणूस हमखास म्हणणार, "काय?" मग पुन्हा सांगा. मग ते विचारणार, हे कसलं नाव. मग विचारणार, अर्थ काय याचा. आणि हे सगळं विचारणार मला. तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. ती नुसती बघायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि मेंढरांमागं निघून जायची. मी मात्र दारात उभी, हातात शेणाची पाटी, आणि समोर कुणीतरी लांबचा पाहुणा अर्थासाठी ताटकळलेला.

गावातले मुसलमान म्हणायचे, असं नाव आमच्यात नाही, तुमच्यातलंच काहीतरी जुनं असेल. आमचे लोक म्हणायचे, हे तर धडधडीत मुसलमानी. एकदा वसमतकडचे एक उर्दू शाळेचे मास्तर बोकड घ्यायला आले होते, त्यांना सासऱ्यांनी मुद्दाम विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरबी आहे. पाण्यावरून निघालं असावं. तहान भागलेली, तृप्त, असं काहीसं. पण इकडं कुणी ठेवत नाही. मी तर पहिल्यांदाच ऐकतोय."

चुलीपाशी बसलेली अरवा फणकारली. "डोंबलाची तृप्त," ती मला म्हणाली. "त्याला इचारलं कुनी? अर्थ मला ठाऊक हाय."

ठाऊक होता, तर मग सांगायचा. पण नाही. ते काम माझ्याकडं.

तर ऐका. तिचं माहेर कुरुंद्याचं. तिच्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती. अशा घरात चौथं लेकरू झालं की आमच्यात ते विकून टाकायची रीत होती. लेकराला सुपात घालायचं, उंबऱ्यावरून बाहेर द्यायचं, आणि घेणारीनं त्याच्या बदल्यात आईच्या पदरात मूठभर कोंडा टाकायचा. घेणारी परक्या घरची पाहिजे, जितकी परकी तितकी बरी. लेकरू राहायचं आईजवळच, पण ते आता दुसऱ्याचं. मरण दारात आलं तर त्याला सांगायचं, इथं आमचं कुणी नाही. आणि नाव ठेवायचा हक्क घेणारीचा. नाव ठेवायचं ते वंगाळ ठेवायचं. कोंडी, धोंडी, दगडी. म्हणजे मरणालाही त्या लेकराची किळस यावी.

कुरुंद्यात तेव्हा गढीच्या पहाऱ्यावर एक अरब चाऊस होता. निजामाच्या राज्यात असे अरब पहारेकरी जागोजाग असत. त्याची बायको, तिला सगळे चाऊशीणच म्हणत, जहाजातून आली होती म्हणे. तिच्यापेक्षा परकी बाई पंचक्रोशीत कुठून आणणार? अरवाची आई सूप घेऊन तिच्याकडं गेली. चाऊशिणीनं कोंडा टाकला, लेकरू घेतलं, आणि नाव ठेवलं तिच्या मेलेल्या आईचं. अरवा.

तिला अर्धीच रीत कळली होती. लेकरू विकत घ्यायचं हे कळलं, नाव वंगाळ ठेवायचं हे कुणी सांगितलंच नाही. सांगायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. ती बिचारी म्हणाली, बेटी घेतली तर तिला घाण नाव कशाला ठेवू? माझ्याकडं जे सगळ्यात चांगलं होतं ते दिलं. अरवाची आई उंबऱ्यातच मटकन खाली बसली. इतकं चांगलं नाव ऐकून मरण तर धावतच येणार. पण दिलेलं नाव मागं घेता येत नव्हतं, आणि पोरगी जगली. मग कुणी बोलायचं काय?

अर्थही चाऊशिणीनंच सांगितला होता. त्यांच्या मुलखात उभ्या कड्यांवर चरणारी एक रानशेळी असते, तिला अरवा म्हणतात. जिथं बिबट्या पोचत नाही तिथं ती उभी राहते. म्हणजे हेही मरणाला चुकवायचंच नाव झालं, फक्त वरच्या अंगानं. पण ही गोष्ट आमच्या घरात, जिथं शंभर शेरडं-मेंढरं, तिथं सांगायची म्हणजे! सासरे पोट धरून हसले. "शेळीच म्हना की," म्हणाले. "त्यासाठी अरबस्तानात कशाला जायचं, मेंढरांच्या वाडग्यात जाऊ."

आम्हा दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली, सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराला. दोन भाऊ, दोन नवऱ्या, एक खर्च. घर वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर. लग्नाच्या आधी अरवाच्या आईबापांनी कोंडा परत देऊन पोरगी सोडवून आणली होती, कारण परक्याची पोरगी आपण कशी देणार? चाऊशिणीनं कोंडा घेतला आणि म्हणाली, "बेटी ले जाव. नाम नै मिलता. नाम बेचा नै था, दिया था." आणि मग अरवाला जवळ ओढून तिनं जे सांगितलं ते अरवानं मला पुढं कितीदा तरी सांगितलं. त्यांच्या घरात एका वेळेला एकच अरवा असायची. नाव एकटीनं घेऊन मरायचं नाही, कुठल्यातरी पोरीला द्यायचं. आणि ज्या दिवशी दुसरीच्या गळ्यात घातलं, त्या दिवशी आपल्या गळ्यातून काढायचं. तिची आई ते द्यायच्या आधीच गेली होती, आणि चाऊशिणीला पोटची लेक नव्हती. तिच्या आईचं नाव या एकाच पोरीवर येऊन थांबलं होतं.

माप ओलांडून आत आलो आणि सासूबाईंनी आमची नवी नावं सांगितली. मी माहेरची चंद्रभागा, मी झाले यमुना. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. गूळ खाल्ला. थोरलीला म्हणाल्या, "तू सुंदरा."

थोरली म्हणाली, "मी अरवा."

"ते म्हायेरी."

"नाव माज्या आईबापाचंच न्हाई, तर म्हायेरचं कसं? ज्याचं त्याला इचारा."

नवी नवरी, हळदीचं अंग, आणि हे बोलणं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. सासूबाईंनी तिच्या हातावर गूळ ठेवला तो तिनं तसाच धरून ठेवला, पार पाघळेपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "सुंदरा म्हनून वळशील तव्हा या घरची व्हशील. तंवर तू चाऊसाचीच." हे वाक्य त्यांनी पुढं बारा वर्षं रोज वापरलं. ते एक दिवस आपल्याच अंगावर येईल असं त्यांना कुठं ठाऊक होतं.

आता यात माझं काय झालं ते सांगते, कारण ते कुणीच सांगत नाही. सासूबाई हाक मारायच्या, "सुंदरे, पानी काढ." अरवा जात्यावर बसलेली असेल तर दळतच राहायची. बहिरी नव्हती, उद्धटही नव्हती. तिच्या लेखी ती हाक दुसऱ्याच कुणाला तरी होती. दुसरी हाक यायची, तिसरी यायची. घरात आरडाओरडा नको म्हणून मी उठायची आणि पाणी काढायची. सुंदरे, मेंढरं सोड. मी सोडायची. सुंदरे, भाकरी टाक. मी टाकायची. यमुनेची कामं होतीच, वर सुंदराचीही माझ्याच बोडक्यावर. त्या घरात सुंदरा कुणी असेल तर ती मी होते. एकदा कंबर धरून तिला म्हणाले, "अक्का, एकदा नुसतं 'ओ' म्हन. तुजं काय जातंय?"

ती म्हणाली, "तुजं काय गेलं चंद्रे? तू ओ म्हनालीस, आता तुज्या आईशिवाय चंद्रभागा कोन म्हनतंय तुला?"

खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि रागही आला, कारण तिचं बोलणं बराबर होतं. त्या दिवसापासून ती मला चंद्रीच म्हणायची, पण दुसरं कुणी नसताना. सासरी मला माझ्या नावानं हाक मारणारी ती एकटी. म्हणून मी तिच्या वाटचं पाणी काढत राहिले.

नवऱ्याचा तिला त्रास नव्हता. तो बायकोला "अगं ए" म्हणायचा, त्याला नावाशी काय करायचं होतं? पण सगळ्या बायकांना जे हवं असतं ते तिला मिळत गेलं आणि तिला नेमकं तेच नको होतं. पहिला मुलगा. घरात गूळ वाटला, हिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसरा मुलगा. तिसऱ्या वेळेला ती नऊ महिने म्हणत होती, आता पोरगीच, आणि झाला मुलगाच. सुईण हसत हसत सांगायला आली तर ही म्हणाली, "पुन्ना बघ." तिसरा मुलगा झाला म्हणून रडणारी बाई आमच्या गावानं तेव्हा पहिल्यांदा बघितली. सासूबाई म्हणाल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी काय सांगणार? तिला नुसती पोरगी नको होती, तिला नावाला जागा हवी होती.

मग ती दुसऱ्यांच्या पोरींच्या मागं लागली. गावात कुठं बारसं असलं की ही सगळ्यांत आधी हजर, पाळण्याच्या दोरीला लागून. "अरवा ठिवा की, लई चांगलं नाव हाय. कड्यावरची शेळी." आता कोण आपल्या पोरीला शेळी म्हणवून घेईल? आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. हिला भाऊ एकही जगलेला नाही, म्हणजे ही कुणाचीच आत्या नाही. मी किती समजावलं. बायका तिला बघून कुजबुजायच्या, आली बघा शेळी. तिला ऐकू यायचं. पुढच्या बारशाला ती पुन्हा जायची. तिचं हे असं तोंडघशी पडणं बघून माझाच जीव वरखाली व्हायचा, आणि घरी येऊन मी तिच्यावरच चिडायची.

एकदा आमची एक पाट, म्हणजे तरणी शेळी, गढीसारख्या उंच, ढासळलेल्या विहिरीच्या कठड्यावर चढून उभी राहिली. खाली सरळ काळोख. आम्ही सगळे ओरडतोय, आणि अरवा मात्र खाली उभी राहून टक लावून बघतेय. "चंद्रे," ती हळूच म्हणाली, "अशी असती व्हय ती?" आमच्या सपाट काळ्या रानात तिनं डोंगर बघितला नव्हता आणि कडाही नाही. मी म्हणाले, "आधी तिला खाली उतरव, मग इचार."

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रजाकारीचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगत बसत नाही. त्याच पावसाळ्यात मी तिसऱ्यांदा बाळंत झाले. आधीची माझी दोन्ही लेकरं गेली होती, एक पाळण्यात, एक रांगायला लागल्यावर. या वेळेला मुलगी झाली. आठवडाभरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. लोक म्हणाले सुटलो, आणि सुटलोच. पण त्याचबरोबर वाऱ्यावर कसलीही आवई उठायची. त्या दिवसांत माणूस नावावरून ओळखायचे आणि नावावरूनच मारायचं की सोडायचं ते ठरवायचे. सासूबाई पहिल्यांदाच काकुळतीला येऊन अरवाला म्हणाल्या, "आता तरी सुंदरा म्हन गं. बाहीर कुनी इचारलं तर?"

"कुनी इचारलं तर मी हाय ती हाय," ही म्हणाली.

माझ्या लेकीला विकायचं ठरलं. सासूबाईंनीच ठरवलं. पण घेणार कोण? एरवी अशी लेकरं दर्ग्याच्या मुजावराची बायको घ्यायची. ती मंडळी भिऊन कुठं निघून गेली होती. शेजारपाजारच्यांनी कवाडं लावलेली. परक्याच्या दारात जायचे ते दिवसच नव्हते. मी लेकरू छातीशी धरून बसले होते, आणि ते पोर दूध ओढत नव्हतं.

अरवा उठली. कोठीतून मूठभर कोंडा घेतला, उंबऱ्याबाहेर गेली आणि आत तोंड करून उभी राहिली. "द्या," म्हणाली. "मी घेते."

"येडी का खुळी," सासूबाई म्हणाल्या. "घरातल्यानं घेतलेलं चालतंय व्हय? परकं मानूस लागतंय."

"मी परकीच हाय की. सुंदरा म्हनून वळीन तव्हा या घरची. कधी वळले का मी? तुमीच म्हनता, चाऊसाची. मग चाऊसाच्या लेकीला लेकरू इकायला काय तकलीफ?"

सासूबाई उंबऱ्यातून बाजूला झाल्या. बारा वर्षांचा त्यांचाच शब्द होता. मी लेकीला सुपात घातलं आणि उंबऱ्यावरून बाहेर दिलं. अरवानं माझ्या पदरात कोंडा टाकला. आता नाव. आयुष्यभर ज्याच्यासाठी ही बाई दारोदार हसं करून घेत होती ते तिच्या हातात आलं होतं. सासूबाईंनीही मान खाली घातली होती, की आता ऐकायचंच आहे. अरवा त्या लेकराकडं खूप वेळ बघत राहिली.

"धोंडी," ती म्हणाली.

मी बाळंतीण, पण माझा असा संताप झाला की विचारू नका. आत गेल्यावर मी तिला धरलं. "अगं काहून? कोन अडवनार व्हतं तुला? माजी पोरगी व्हती, मी हूं की चूं केलं नसतं."

"चाऊशिणीला रीत ठाऊक नव्हती म्हनून तिनं चांगलं नाव दिलं," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय. आन बाहीर काय चालू हाय ते बी ठाऊक हाय. हे नाव मी निभावलं, मी मोठी हाय. या एवढ्याशा जिवाच्या गळ्यात बांधून तिला घराबाहीर कशी काढू?"

"मग तुजं नाव?"

"ऱ्हाऊ दे."

ऱ्हाऊ दे म्हणे. बारा वर्षं मी दुसरीच्या नावाची कामं केली ती या 'ऱ्हाऊ दे'साठी? पण दोन दिवसांनी लेकरू दूध ओढायला लागलं, आणि मग मला भांडायलाही जागा राहिली नाही.

दिवाळीनंतर कधीतरी कुरुंद्याकडून बातमी आली, अरबांना गोळा करून त्यांच्या मुलखात परत धाडणार. चाऊस कधीच मेला होता, म्हातारी चाऊशीण भाच्याकडं राहायची. त्यांची गाडी नांदेडकडं जाताना फाट्यावर थांबणार होती. अरवानं काही विचारलं नाही. धोंडीला घोंगड्यात गुंडाळलं आणि निघाली. लेकरू माझं, दूध माझं, म्हणून मीही मागं मागं गेले.

फाट्यावर धुळीत एक मालमोटार उभी होती. बोचकी, बायका, लेकरं. चाऊशीण मोटारीत वर कडेलाच बसली होती, वाळून लाकूड झालेली, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. अरवानं तिचा हात धरला तसं तिनं हातावरूनच ओळखलं. "मेरी अरवा," म्हणाली. मग तिचा हात चाचपत घोंगड्यावर गेला.

"ये कौन है?"

"पोरगी हाय," अरवा म्हणाली. "मी इकत घेतली. कोंडा देऊन."

म्हातारी हसली. तोंडात एक दात नव्हता. "नाम?"

मी अरवाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"अरवा," ती म्हणाली.

चाऊशिणीनं लेकरू मागितलं. वर उचलून दिलं. तिनं त्या इवल्याशा कानाला तोंड लावलं आणि ते नाव घेतलं, तिच्या बोलीत, घशाच्या आतून, आम्हाला कधीच जमलं नसतं तसं. पुन्हा घेतलं. लेकरू रडलं नाही. मग मालमोटार सुरू झाली, कुणीतरी लेकरू माझ्या हातात दिलं, आणि म्हातारी धुळीत गेली.

येताना मी तणतणत होते. "जाणाऱ्या म्हातारीला खोटं सांगितलंस."

"खोटं काहून? दिलं म्हनले, म्हंजी दिलं."

"दिलं, आन हाक कोन मारनार? घरी तर ती धोंडी."

ती पुढं चालत राहिली. माझ्या मेलीच्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही. बारा वर्षं तिच्याच तोंडून ऐकलेलं होतं, एका वेळेला एकच, तरी नाही. लेकरू भुकेजलेलं, माझे पाय दुखत होते, आणि मी तिला घरापर्यंत बोल लावत आले.

अंगणात शिरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मेंढरं वाडग्यात येत होती. धोंडीला पाजायला मी ओट्यावर टेकते न टेकते तोच आतून सासूबाईंची हाक आली. "सुंदरे, पानी काढ गं."

मी सवयीनं लेकरू खांद्यावर टाकलं आणि उठले. माझ्या खांद्यावर हात पडला.

"ओ," अरवा म्हणाली. "आले."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी अर्धी उठलेली, तशीच तिच्याकडं बघत राहिले.

"बस चंद्रे," ती हळूच म्हणाली. "लेकराला पाज. हाक मला हाय."

तिनं घागर उचलली आणि ती विहिरीकडं गेली.